गोलमागची दुसरी पायरी

परवा सकाळी मूल रोडच्या बाजूला फिरायला गेलो आणि वास आला. चंद्रपूरच्या हवेत एरवी कोळशाची धूळ, वीज केंद्राची राख आणि तापलेलं डांबर, एवढंच काय ते नाकाच्या वाट्याला येतं. त्यात हा गोडसर, जरा आंबूस, डोकं जड करणारा वास. मोहाची फुलं पडायला लागली होती. माझ्यासोबतचे दोघे रिटायर्ड मास्तर थांबून छाती भरभरून श्वास घेऊ लागले. एक म्हणाला, "वा बाप्पा, काय सुटून राह्यला सुगंध!" मी तिथूनच मागे फिरलो. घरी आलो तर बायकोनं दार उघडता उघडता विचारलं, "इतक्यात आले? पाय दुखले का?" म्हटलं, "मोह पडून राह्यला." ती चहा ठेवायला आत गेली आणि साखर नेहमीपेक्षा चमचाभर जास्त टाकून आणली. माझी कीव आली की ती असंच करते.

लोकांना मोहाच्या दिवसांत जंगल आठवतं, आजोळ आठवतं. मला लाज आठवते. आठवते म्हणणं पण खोटंच, ती वर्षभर असतेच. या दिवसांत फक्त तिचा वास यायला लागतो.

आणि योग कसा जुळावा बघा. त्याच दिवशी संध्याकाळी आमच्या फुटबॉल क्लबची नवी मंडळी घरी आली. आमचा क्लब म्हणजे जिल्ह्यातला सगळ्यात मोठा. खाणीच्या कामगारांनी कधीकाळी उभा केलेला, काळ्या-पिवळ्या जर्सीचा. मी त्याचा कितीतरी वर्षं सेक्रेटरी होतो. दिवसा सरकारी कचेरीत बाबू आणि पाचनंतर ग्राउंडवर सेक्रेटरी. कचेरीत मला कुणी विचारत नव्हतं, ग्राउंडवर मात्र माझ्या शिट्टीवर गेट उघडायचं. आता वय झालं, गुडघे गेले, म्हणून सोडलं. नवी मंडळी चांगली आहेत, शिकलेली आहेत. एकानं लॅपटॉप उघडून दाखवलं. ग्राउंडचं पुन्हा नूतनीकरण होणार. गॅलरीच्या दगडी पायऱ्या फोडून तिथं रंगीत प्लास्टिकच्या खुर्च्या, वर नवं छत, फ्लडलाइट. आणि पैसा उभा करायचा तो असा की प्रत्येक खुर्चीमागे देणाऱ्याचं नाव.

"काका, मागच्या वेळची ती 'एक पायरी, एक नाव' आयडिया तुमचीच ना?" अध्यक्ष म्हणाला. "जबरदस्त चालली होती. यावेळी उद्घाटनाचं भाषण तुमीच करा. पहिल्या खुर्चीवर तुमचंच नाव टाकतो आमी."

मी विचारलं, "पायऱ्या कधी फोडता?"

"मे संपायच्या आत."

मी कॅलेंडरकडं पाहिलं. सगळे समजले म्हाताऱ्याला जुन्या पायऱ्यांचं वाईट वाटलं. एकानं माझ्या खांद्यावर हात पण ठेवला. काय सांगू त्याला? की बाबा, माझ्या डोळ्यात जे आहे ते प्रेम नाही?

रैनूची गोष्ट सांगितल्याशिवाय यातलं काही कळायचं नाही. रैनू आमचा गोलकीपर. भामरागडच्या पुढं नदीपलीकडच्या माडिया गावचा. आश्रमशाळेच्या एका सामन्यात मी त्याला पाहिला आणि उचलून चंद्रपूरला आणला. हात केवढे! सुपासारखे. बॉल त्या हातात गेला की गेला. बोलायचा फार कमी. मराठी त्याला यायची, पण शब्द आधी तोंडात घोळवायचा. मोहाच्या दिवसांत तो गावी जायचा आणि परत येताना वाळवलेली फुलं खिशात भरून आणायचा. हाफटाइमला बाकीचे लिंबूपाणी पितात, हा गोलपोस्टला टेकून दोन-चार फुलं चघळतोय.

पोरं चिडवायची, "काऊन बे रैन्या, दारू खाऊन राह्यला का?"

"दारू नाई ना भाऊ. फूल आहे," तो म्हणायचा आणि चिडवणाऱ्याच्याच हातावर एक ठेवायचा. आंबटगोड, चिवट. बेदाणा खाल्ल्यासारखं लागायचं, पण मागून एक जंगली चव रेंगाळायची.

आम्ही त्या दिवसांत सगळीकडे जिंकत होतो. गोलच्या मागची जी गॅलरी होती ती तेव्हा नुसत्या विटांची होती, ढासळलेली. सिमेंट उडालेलं, मधून गवत आलेलं. पण गर्दी तिथंच बसायची, रैनूच्या पाठीशी. तो मागे वळून कुणाकडं बघायचा नाही, फक्त सामना सुरू होण्याआधी एकदा जाऊन खालून दुसऱ्या पायरीवर आपली पाण्याची बाटली ठेवायचा. ती त्याची जागा. तिथं कुणी बसायचं नाही.

मग एका भादव्यात तो गेला. गावाकडं नदी भरलेली, रस्ता तुटलेला. हा डोंग्यातून पलीकडं जात होता. डोंगा उलटला. दोघं पोहून निघाले, रैनू नाही. आठ-दहा दिवस शोधलं लोकांनी. काहीच सापडलं नाही. आमच्याकडं बातमी आली तेव्हा पाऊस थांबून ऊन पडलं होतं. गोलपोस्टला कुणीतरी हार घातला. मी रडलो, हे खरं आहे. नंतर जे मी केलं त्यानं ते रडणं खोटं ठरत नाही, असं मी स्वतःला फार वर्षं सांगत आलो.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात नूतनीकरण निघालं. विटांची गॅलरी पाडून काळ्या दगडाच्या लाद्या बसवायच्या होत्या. पैसा कुठून आणायचा? सरकारी निधी अर्धाच मिळणार होता. तेव्हा ती अक्कल माझ्या डोक्यातून निघाली: लादीवर देणाऱ्याचं नाव कोरायचं. मी गावोगाव फिरलो. ज्या ज्या गावानं आम्हाला खेळाडू दिला तिथं जायचं, चार शब्द बोलायचे. जमलं तर देणगी, नाही जमलं तर चहा. असा फिरत फिरत रैनूच्या गावात पोहोचलो. मोह पडत होता.

त्या सकाळी मी पहिल्यांदा मोह वेचताना पाहिला. बुंध्याखालचा पाचोळा झाडून, जाळून जमीन अंगणासारखी स्वच्छ केलेली. पहाटेपासून फुलं पडत होती, टप, टप, आणि बायका, म्हातारे, सगळे वाकून वेचत होते. झाडाला एक पान नाही. वर मोकळं आभाळ, खाली पिवळसर पांढरी फुलं. प्रत्येक झाडाला घर आहे तिथं. हे झाड अमक्याच्या घरचं, ते तमक्याच्या. कुंपण नाही, खूण नाही, पण दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नाही. मी बाबू माणूस, मी विचारलं, "कागद आहे का याचा?" सगळे हसले.

रैनूची आई चिन्नीबाई. बारीक, काटक, कपाळावर आणि गालांवर गोंदलेलं. तिच्या घरची तीन झाडं. त्यातलं मोठं रैनूच्या नावचं होतं. म्हणजे लहानपणापासून त्या झाडाखाली तोच बसायचा, अस्वल आलं तर डबा वाजवायला.

गावासमोर मी माझं भाषण केलं. कितीदा केलेलं, तोंडपाठ झालेलं. "जो मदत करेल त्याच्या नावाचा दगड बसेल. कायमचा. ऊन-पावसात, पिढ्यान् पिढ्या. येणारा-जाणारा पाहील." एरवी या वाक्यावर लोक टाळ्या वाजवतात, नाहीतर खिशाकडं बघतात. इथं बायका एकमेकींकडं पाहायला लागल्या. चिन्नीबाई उठून उभी राहिली.

"मंग रैनूले दगड भेटन?"

"भेटल ना बाई. काऊन नाई भेटणार?"

"कुठी?"

मला त्याची बाटली आठवली. म्हटलं, "गोलच्या मागं. खालून दुसऱ्या पायरीवर. जिथं तो उभा राह्यचा, त्याच्या पाठीशी."

तिनं गावच्या पुजाऱ्याला माडियात काही विचारलं. तो म्हातारा बराच वेळ बोलला. मग एकानं मला मराठीत समजावलं. माणूस गेला की त्याच्या नावाचा दगड उभा करायचा त्यांच्यात. तो दगड म्हणजे तो माणूसच. नवीन काही आलं, नवा मोह आला, की पंडुम करायचा, म्हणजे सण, आणि पहिली फुलं त्या दगडाला द्यायची. त्याआधी घरातल्या कुणी खायचं नाही. मेलेला आधी जेवणार, जिवंत नंतर. पण रैनूला नदीनं नेलं. हाती काहीच लागलं नाही, म्हणून दगड उभा केला नव्हता. कुठं उभा करायचा यावरच गावात बोलणं अडून राहिलं होतं. आता पुजारी म्हणाला होता की पोराचं मन जिथं होतं तिथं दगड चालेल.

"त्याचं मन ग्राउंडावरच होतं," चिन्नीबाई म्हणाली. "घरी आला तरी भिंतीले बॉल मारे."

रैनूच्या झाडाची त्या मोसमाची सगळी फुलं तिनं दिली. वाळवून, निवडून, पोत्यांत भरून. गावानं आपापल्या घरून ओंजळ-ओंजळ घातली. मी ती भामरागडच्या व्यापाऱ्याला विकून पैसे क्लबात भरले. फार नव्हते. आमच्या हिशोबात एका लादीपुरते, थोडे वरच. पण तेवढ्यात तिच्या घरचं वर्षाचं मीठ-मिरची, कापड सगळं होतं.

आता लाज कुठून सुरू होते ते सांगतो.

कमिटीची मीटिंग. पंखा घरघरतोय, समोर समोसे. मी देणगीदारांची यादी वाचतोय. कोरपन्याकडच्या सिमेंटची वाहतूक करणारे एक शेठ मीटिंगला होते. पश्चिमेची, म्हणजे गोलच्या मागची, जवळजवळ अख्खी रांग त्यांच्या पैशातून होणार होती, म्हणून त्यांचं ऐकणं भाग होतं. मी चिन्नीबाईचं नाव वाचलं, रैनूच्या नावाची लादी म्हटलं आणि सवयीनं पुढं वाचलं, "मोहफुलाच्या विक्रीतून."

शेठ हसले. "मोहाचे? म्हणजे दारूचेच म्हणा ना!" तेव्हा आमच्या जिल्ह्यात दारूबंदी होती, त्यामुळे विनोद आणखीच रंगला. कुणी म्हणालं, "पायरीवर बसलं की चढते का पाहा लागते." सगळे हसले. शेठ पुढं म्हणाले, आणि हे त्यांनी हसत नाही, सरळ सांगितलं, "माझ्या नावाच्या रांगेत हे नको. गोलच्या मागची बाजू मला पूर्ण द्या, नाहीतर राहू द्या."

सगळे माझ्याकडं पाहत होते. मला बोलता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं की ते फूल आहे, दारू नाही. रैनू पोरांना म्हणायचा तसं. की तो आमचा कीपर होता, त्याच्या जिवावर आपण चार करंडक आणले. की मी शब्द दिलाय. पण मी काय केलं? मी हसलो. सगळ्यांबरोबर हसलो हो! आणि पेननं ते नाव खोडून तिथं "एक हितचिंतक" लिहिलं. वर म्हटलं, "बघू, दुसरीकडं कुठं लावता आलं तर." ते दुसरीकडं कधी आलंच नाही. लाद्या संपल्या.

माझ्या हातून हे व्हायला नको होतं. माझ्या बापानं गिरणीत मजुरी केली. छप्पन्नला दीक्षा घेतली आणि मग वयाच्या पस्तिशीत सही करायला शिकला. आमच्या दारावर, कंदिलावर, पितळेच्या प्रत्येक गडव्यावर त्यानं स्वतःचं नाव कोरून घेतलं होतं. आम्ही हसायचो, "बाबा, गडवा कोण चोरतो?" तो म्हणायचा, "चोरीसाठी नाई रे. माह्या बापाचं नाव कुठीच नव्हतं." असं घर पाहिलेला माणूस मी. मला नावाची किंमत कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी मी पेन चालवला. शेठना कळत नव्हतं म्हणून ते बोलले. मला सगळं कळत होतं.

उद्घाटन झालं पुढच्या वर्षी, पुन्हा मोहाच्याच दिवसांत. बँड, फुगे, पुढारी. दुपारी साडेतीनच्या उन्हात मला गेटवर चिन्नीबाई दिसली. तिच्याबरोबर गावातल्या तीन बायका. आदल्या दिवशी निघालेल्या, भामरागडहून आलापल्ली, तिथून दुसरी बस, मग ऑटो. पदराच्या गाठीत नवी फुलं. घरात अजून कुणी चाखली नव्हती, आधी इथं आणली होती.

तिनं मला कुठं आहे म्हणून विचारलंसुद्धा नाही. मी सांगितलेलं तिच्या लक्षात होतं. सरळ गोलच्या मागं गेली, खालून दुसरी पायरी. काळी कुळकुळीत लादी, त्यावर पांढऱ्या रंगात भरलेली अक्षरं. शेठचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नव्हतं, सोबतच्या बायकांनाही नाही. वळून मला म्हणाली, "हेच ना भाऊ?"

मी म्हणालो, "हो बाई. हेच."

तीन शब्द. आयुष्यात मी कचेरीत कितीतरी खोटं बोललोय, साहेब नाहीत, फाईल वर गेली, सगळं. पण हे तीन शब्द माझ्या घशातून कधी खाली उतरलेच नाहीत. तिनं लादीवर पाणी शिंपडलं, पदरानं पुसली, त्यावर पळसाचं पान ठेवलं आणि पानावर फुलं. चौघी माडियात हळू आवाजात काही म्हणत होत्या. त्यात रैनूचं नाव मला ऐकू येत होतं. मग तिनं मूठभर फुलं माझ्या हातावर ठेवली. "आता खा भाऊ. त्यानं खाल्लं." आणि मी खाल्ली. नाही कसं म्हणणार?

तेव्हापासून दर वर्षी. मोह पडायला लागला की चार-सहा दिवसांत चिन्नीबाई येणार. मी तिला स्टँडवरून घेऊन जायचो, गेट उघडून द्यायचो. चौकीदार म्हणायचा, "साहेब, तुमचे पाहुणे आले." ती पायरी पुसणार, पान ठेवणार. एकदा लादीच्या कोपऱ्याचा टवका उडाला होता तर किती कळवळली! "कोणं मारलं त्याले?" दर वेळी मी ठरवायचो की या खेपेला सांगायचं. दर वेळी ती इतकी निवांत होऊन परतीच्या बसमध्ये बसायची की मी मनात म्हणायचो, राहू दे, तिचं समाधान कशाला मोडा. केवढा दयाळू मी! खरं म्हणजे मला तिचं समाधान मोडायचं नव्हतं की माझी इज्जत, ते मला चांगलं माहीत होतं.

कोरोनाच्या वर्षी बस बंद होत्या. तिनं गावातल्या आशाताईच्या फोनवरून मला फोन केला. "भाऊ, यंदा मले येता नाई येत. तुमीच ठेवा त्याच्या पुढं. तुमी बी त्याले बापासारखे." मी हो म्हटलं. दोन दिवसांनी पुन्हा फोन, "ठेवलं?" "ठेवलं बाई." मी गेलोच नव्हतो. पोलीस होते, बंदी होती, सगळी कारणं होती. पण खरं कारण हे की त्या दगडापुढं एकटं उभं राहायची मला हिंमत नव्हती. तिकडं गावात माझ्या शब्दावर सगळ्यांनी नवा मोह खाल्ला.

त्या रात्री मी हे बायकोला सांगितलं. तोवर तिला माहीत नव्हतं. ती सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "तुमी बी ना! लादीच लावून दिली असती आपल्या पैशानं." आणि मला त्या क्षणी कळलं की हे इतकं सोपं होतं आणि माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मी शेठच्या, अध्यक्षांच्या परवानगीचाच विचार करत बसलो होतो. बाबूगिरी हाडात जाते ती अशी.

तर आता पायऱ्या फुटणार. नवी मंडळी गेली आणि मी झोपलो नाही. चार-सहा दिवसांत चिन्नीबाई येईल. ती यायच्या आत आपण जायचं, एवढं नक्की केलं. बायकोनं चिवडा बांधून दिला, गुडघ्याची पट्टी दिली आणि म्हणाली, "नीट सांगा. रडत बसू नका तिच्यापुढं. तिलेच तुमाले समजवा लागन."

भामरागडची बस आता आधीपेक्षा बरी आहे. नदीवर पूल झाला, असं म्हणतात सगळे, आणि झालाय खरा. खिडकीतून दोन्ही बाजूंनी तोच वास येत होता. आलापल्लीनंतर झाडांखाली बायका वाकलेल्या दिसत होत्या, टोपल्या, पोत्यांची बिछायत, रस्त्याच्या कडेला वाळत घातलेली फुलं. बाकीचे प्रवासी पेंगत होते. मी मनात वाक्यं जुळवत होतो. सेक्रेटरीनं अहवाल लिहावा तशी. 'काही अपरिहार्य कारणास्तव.' शी! स्वतःचीच किळस आली.

मुक्काम भामरागडला केला आणि सकाळी एकाच्या मोटारसायकलवर गावात पोहोचलो. चिन्नीबाई रैनूच्या झाडाखाली होती. उन्हानं अजून जोर धरला नव्हता. मला पाहून तिला आनंद झाला, हे सगळ्यात वाईट. "अरे भाऊ! तुमी कसे आले? मीच येणार होती परवा. आज पहिली फुलं काढून राह्यली त्याची." टोपली अर्धी भरली होती. तिनं एक दगड झटकून मला बसायला दिला.

आधी मी पायऱ्यांचं सांगितलं. फोडणार आहेत, खुर्च्या येणार आहेत. ती घाबरली नाही. थोडा विचार करून म्हणाली, "मंग तो दगड मले आणून द्या. फेकाले देऊ नका. इथी आणून उभा करू. बरंच झालं, माह्याच्यानं आता येणं होत नाई तिकडं. तो घरच्या जवळ राहीन."

आता मागं सरायला जागा नव्हती. मी सांगितलं. सगळं सांगितलं, मीटिंग, समोसे, माझं हसणं, पेन, 'हितचिंतक', आणि ते "हो बाई, हेच". फोनवरचं सुद्धा. तिच्याकडं न बघता, तिच्या टोपलीकडं बघत. सांगून झालं. मी वाट पाहत होतो की ती ओरडेल, गाव गोळा करेल, मला हाकलेल. मला ते हवं होतं. प्रामाणिकपणे सांगतो, शिव्या खायला मी एवढ्या लांब आलो होतो. खाल्ल्या असत्या तर परत जाताना बसमध्ये झोप लागली असती.

ती हातातली फुलं बोटांनी चाळत राहिली. वरून फुलं पडत होती. मग विचारलं, "त्या दगडावर ज्याचं नाव आहे, तो माणूस जिता आहे?"

"आहे."

तिच्या हातातली फुलं खाली पडली. "अरे देवा! मेलेल्याचा घास मी जित्या माणसाच्या नावावर ठेवला? इतके वर्सं?" ती माझ्या अगदी जवळ सरकली. "भाऊ, खरं सांगा. त्याले काई झालं तर नाई? लेकरंबाळं बरी आहेत त्याची?"

ज्या माणसानं तिच्या पोराचा दगड घेतला त्याची ती चौकशी करत होती. भीतीनं तिचा चेहरा उतरला होता. मी म्हणालो, "बरा आहे बाई. धडधाकट आहे. नातू झाला त्याले मागच्या वर्षी."

"खरं?"

"खरं."

"खोटं नोका बोलू आता."

"नाई बाई. खरंच बरा आहे."

तिनं श्वास सोडला. दोन्ही हात एकदा कपाळाला लावले. मग हळूच, मला नाही, कुणालाच नाही, म्हणाली, "म्हंजे माहा रैनू सहा वर्सं उपाशी आहे."

मी हात जोडले. "बाई, माझं चुकलं," असं काहीतरी मी पुटपुटत होतो. तिनं हातानं मला थांबवलं. राग नव्हता त्यात, घाई होती.

"ते मंग बोलू भाऊ. आधी त्याले खाऊ घालू द्या," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी भराभर फुलं वेचायला लागली.